दहा लाखांतल्या चार चुका

दुसऱ्या आवृत्तीच्या पहिल्या पानाचं प्रूफ आमच्या घरी चुकून आलं. जायचं होतं दादाच्या पत्त्यावर, पण छापखान्यातल्या कुणीतरी जुनाच पत्ता घातला, आणि बाबांना जाऊन आठ महिने झाल्यावर त्यांच्या नावानं आलेलं ते पाकीट मी फोडलं. आत एकच कागद. वर पुस्तकाचं नाव, त्याखाली बाबांचं, आणि त्याखाली 'सुधारित आवृत्ती' म्हणून माझ्या थोरल्या भावाचं, पुढे त्याच्या दोन्ही पदव्या. कागद मी उलटूनसुद्धा पाहिला. मागची बाजू कोरी होती.

पुस्तक कसलं ते सांगते. सांगितल्यावर लोकांचे चेहरे पडतात, त्याची मला सवय आहे. एकपासून दहा लाखांपर्यंतच्या प्रत्येक संख्येपुढे त्यात दोन गोष्टी दिल्या आहेत. पहिली, तिला निःशेष भागणारी, एकाहून मोठी अशी सगळ्यांत लहान संख्या कोणती. स्वतःखेरीज कशानंच भाग जात नसेल तर ती मूळ संख्या, तिच्यापुढे नुसती आडवी रेघ. दुसरी, संख्येचा प्रकार. ती सोडून तिचे बाकीचे सगळे विभाजक घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. बेरीज संख्येहून कमी भरली तर ती न्यून, जास्त भरली तर विपुल, आणि बरोब्बर तेवढीच भरली तर परिपूर्ण. दहा लाखांत परिपूर्ण फक्त चार आहेत. माणसांत प्रमाण याहून कमी असेल, असं बाबा म्हणायचे. स्वतःला ते कशात धरत होते हे विचारायचं राहून गेलं.

असलं पुस्तक घेतं कोण, असंही लोक विचारतात. गिअर कापणारे कारखाने घेतात. एका चाकाला किती दात आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्याला किती, हे ठरवताना त्यांना मोठ्या संख्यांचे लहान तुकडे करावे लागतात. तुकडे होत नसतील तर ते गणित सोडून जवळची दुसरी संख्या धरावी लागते. त्यामुळे पुस्तकात रेघ आहे की आकडा आहे यावर लोखंड कापलं जायचं.

मी सतराव्या वर्षी या कामाला बसले. जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची अर्धी बाजू माझी, आणि तिच्यावर ताट ठेवायला बंदी. प्रत्येक लहान मूळ संख्येची एक पुठ्ठ्याची पट्टी होती, तिला ठरावीक अंतरांवर भोकं. पट्टी आखलेल्या कागदावर लावायची, भोकांतून टिंबं द्यायची, पट्टी खाली सरकवायची. मोठ्यांना पट्टी पुरत नसे, तिथे बेरीज करत करत पुढे जायचं. मग विभाजकांच्या बेरजा. सुरुवातीला बाबा माझी पानं तपासायचे. पुढे त्यांना आपल्याच चुका सापडायला लागल्या, तेव्हा तपासणं बंद झालं. कॉलेजात नाव घालायचं दोनदा ठरलं आणि दोनदा 'एवढा लाख होऊ दे' यावर पुढे गेलं. असे दहा लाख झाले. एकोणीस वर्षं लागली.

दादा त्या वेळात कॉलेजात जाऊन आला, दोनदा. मग तिथेच शिकवायला लागला. पुस्तकाशी त्याचा संबंध एवढाच, की प्रस्तावना त्यानं लिहिली आणि गठ्ठे छापखान्यात नेऊन टाकले. हे मी रागानं सांगतेय हे उघड आहे. पण गठ्ठे त्यानंच नेले, आणि पाऊस असेल तर प्लॅस्टिकमध्ये बांधून नेले, हेही खरं आहे.

छापायला द्यायची शुद्ध प्रत मात्र बाबांनी स्वतःच्या हातानं केली. अक्षर त्यांचं, नाव त्यांचं. पहिल्या आवृत्तीवर एकच नाव शोभतं, म्हणाले, दुसरीवर तुझं घालू. कच्च्या वह्या त्यांनी मला फाडायला लावल्या. चोरांना आयतं मिळायला नको. दोनशे चौदा वह्या मी बसून फाडल्या आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही, कारण त्याच आठवड्यात बाबांनी मला विश्वासात घेतलं होतं.

कोष्टकं करणाऱ्यांची ही एक जुनी रीत आहे. पुस्तकात जाणूनबुजून एक खोटा आकडा पेरून ठेवायचा. आकडे कुणाच्या बापाचे नसतात, त्यामुळे कुणी पुस्तक जसंच्या तसं उचललं तरी तो म्हणणार, मीही मोजले. पण मोजणाऱ्याला खरा आकडा मिळतो आणि चोरणाऱ्याला पेरलेला. बाबांनी दार लावून घेतलं आणि मला पान दाखवलं. नऊ लाख ब्याऐंशी हजार एक्क्याऐंशी. पुढे रेघ, म्हणजे मूळ संख्या. ती मूळ नाही हे मला बघताक्षणी कळलं, कारण नऊशे एक्याण्णवला नऊशे एक्याण्णवनंच गुणलं की ती येते. शोधणारा माणूस दोनपासून एकेक मूळ संख्या घेऊन भागत गेला, तर एकशे सहासष्ट भागाकारांत बाकी उरते आणि एकशे सदुसष्टाव्यात उरत नाही. दमलेला माणूस एक पायरी आधी थांबू शकतो. चूक अशी हवी, बाबा म्हणाले, की प्रामाणिक दिसली पाहिजे.

"एवढी एकच आहे," ते म्हणाले. "मला माहीत आणि तुला माहीत. तिसऱ्याला नाही."

नऊशे एक्याण्णवच्या वाट्याला अख्ख्या पुस्तकात तीन जागा येतात. त्यातली एक आम्ही दोघांनी मिळून पुसली, या गोष्टीचा मला किती अभिमान होता, हे आता लिहायला लाज वाटते. बाजारात गर्दीत चालताना मला ती संख्या आठवायची आणि वाटायचं, यातल्या कुणालाही हे ठाऊक नाही. आयुष्यात मला कुणी दागिना घातला नाही. मी ती संख्या घातली होती.

पुस्तक निघून चार वर्षं झाल्यावर एक पत्र आलं. लिहिणारा एका कारखान्यात गिअर कापणारा कारागीर होता. आठ लाख एकाहत्तर हजार नऊशे तेहेतीस ही तुम्ही मूळ संख्या दिली आहे, म्हणून आम्ही ते गणित सोडलं आणि दुसऱ्या संख्येवर चाकं कापली. यंत्र नीट चालेना म्हणून मी घरी बसून भागून पाहिलं. ती एकोणनव्वद, सत्त्याण्णव आणि एकशे एक यांचा गुणाकार आहे. तिन्ही चाकं आमच्या फळीवर तयार पडलेली होती. पत्र फार सभ्य होतं. बाबांनी ते माझ्या बाजूला टेबलावर ठेवलं आणि आत गेले.

त्या तिन्ही पट्ट्या मीच लावल्या होत्या. तिन्ही वेळा त्या जागी टिंब द्यायचं राहिलं असणार. त्या सुमाराला मला ताप होता, खिडकीतून ऊन येत होतं, पट्टीची कड उचलली होती, असं एकेक मला आठवायला लागलं. न केलेली चूक करताना मी स्वतःला स्पष्ट पाहिलं, इतकी मी हुशार. बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, झालं ते झालं, आता निस्तर.

त्याच महिन्यात वेधशाळेत आकडेमोडीसाठी माणसं घेत होते. पदवीची अट नव्हती, परीक्षा होती, आणि मी तिच्यात पहिली आले होते. रुजू व्हायला पंधरा दिवस होते. मी कळवून टाकलं की येत नाही. जिच्या हातून एवढी ढोबळ चूक होते तिनं ताऱ्यांना हात लावू नये, असं मला मनापासून वाटलं. पुढचे सात महिने मी रोज सकाळी टेबलाशी बसून आठ लाख सत्तर हजारांपासून पुढचं सगळं नव्यानं केलं. दर दहा हजार संपले की बाबा विचारायचे, सापडली का आणखी. माझ्या संख्येपाशी आले तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. दुसरी चूक सापडली नाही. दादा रविवारी बायकोमुलांना घेऊन यायचा, मला पट्ट्यांत बसलेली बघायचा, आणि म्हणायचा, किती काम करतेस गं.

तर ते पहिल्या पानाचं प्रूफ घेऊन मी प्रकाशकाकडे गेले. दादाला आधी फोन केला होता. तो म्हणाला, अगं, पुस्तक विकायचं असतं, तुझं नाव घातलं तर लोक विचारतील ही कोण आणि हिचं शिक्षण काय. मी म्हटलं, मग तिथेच ये आणि तोंडावर सांग. आला बिचारा.

प्रकाशकाची खोली छापखान्याच्या वर आहे. खाली यंत्र चालू असलं की टेबलावरच्या कपातला चहा थरथरतो. प्रकाशक माणूस गोड, म्हणजे पैशाचा विषय नसेपर्यंत. त्यानं मला आधी बसवलं, बाबांच्या आठवणी काढल्या, मग विचारलं की ताई, आकडेमोड तुम्ही केलीत याला काही पुरावा. वह्या? फाडल्या. पत्रं? घरातल्या घरात कोण पत्रं लिहितं? तो दादाकडे बघायला लागला. दादा खिडकीकडे.

तेव्हा मी माझा एकुलता एक पत्ता टाकला. म्हटलं, या पुस्तकात एक खोटी संख्या पेरलेली आहे. ती पुस्तक करणाऱ्यालाच ठाऊक असते. बाबांना ठाऊक होती आणि मला आहे. या माझ्या भावाला विचारा, याला माहीत आहे का.

मला वाटलं होतं दादा गोंधळेल. तो गोंधळला नाही, लाल झाला. प्रकाशक आणखीनच विचित्र वागला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि उठून कपाट उघडलं. बाबांनी छपाईच्या वेळी एक लाखबंद पाकीट ठेवायला दिलं होतं, म्हणाला. कुणी पुस्तक चोरलं तरच उघडायचं, असं बजावलं होतं. आता तेच उघडू या, म्हणजे वाद मिटेल.

आत बाबांच्या अक्षरात, पट्टीनं आखलेलं एक छोटं कोष्टक होतं. चार ओळी. प्रत्येक ओळीत संख्या, छापलेलं, खरं, आणि चौथ्या रकान्यात 'कोणास सांगितली'. पहिल्या ओळीत माझी संख्या, पुढे 'मुलगी'. दुसऱ्या ओळीत आठ लाख एकाहत्तर हजार नऊशे तेहेतीस, पुढे 'मुलगा'. तिसरीत एक संख्या छापखान्यातल्या, खिळे जुळवणाऱ्या कामगाराच्या नावावर. चौथीत सहा लाख पंचाहत्तर हजार सहाशे पंचाहत्तर. ती आहे विपुल, छापली न्यून, आणि पुढे 'प्रकाशक'. खाली एक वाक्य होतं. पुस्तक चोरीला गेल्यास यांतील कोणती चूक मुद्दाम दुरुस्त करून घेतली आहे ते पाहावे, म्हणजे कोणाच्या घरातून फुटले ते कळेल.

प्रकाशक दुसऱ्या ओळीपर्यंत हसत होता. चौथ्या ओळीवर त्याचं हसू गेलं. मला म्हणाले होते फक्त तुम्हालाच सांगतोय, तो पुटपुटला, लक्षात राहायला सोपी म्हणून तेच आकडे दोनदा दिले.

मी दुसऱ्या ओळीवर अडकले होते. चोरांच्या यादीत बापानं मला पहिला नंबर दिला, हे दुखायला अजून वेळ होता. ती ओळ मी तीनदा वाचली. माझं टिंब राहिलं नव्हतं. पट्टी उचललेली नव्हती. मला त्या दिवशी ताप तरी होता की नाही, देव जाणे. मी लिहिलेला एकोणनव्वद बाबांनी शुद्ध प्रतीत खोडून तिथे रेघ मारली होती, आणि पत्र आल्यावर ते माझ्या पुढ्यात ठेवून आत गेले होते. सात महिने, दर दहा हजारांना, सापडली का आणखी, असं विचारत होते. आणि दादा.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, तू मोठा, तुलाच सांगतोय."

"ते नाही विचारत मी. पत्र आलं तेव्हा तुला माहीत होतं. मी सात महिने बसले होते, दर रविवारी बघत होतास."

"बाबांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं गं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, आणि मला त्याचा अधिकच राग आला. वेधशाळेचं तो काही बोलला नाही. मीही काढलं नाही, कारण काढलं असतं तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती, आणि बावन्नाव्या वर्षी बहिणीनं भावाला मारावं अशी ती खोली नव्हती.

प्रकाशक सावरला सगळ्यांत आधी. धंद्याची माणसं सावरतात. तो म्हणाला, या चारही आता दुरुस्त करायला हव्यात, आणि दुरुस्त केल्या तर आत तसं लिहायला हवं, नाहीतर जुन्या गिऱ्हाइकांना कळायचं कसं. पण मुद्दाम पेरल्या होत्या असं लिहिता येणार नाही. कारखान्यांना पैसे घेऊन जाणूनबुजून खोटं विकलं असं होईल. मग चार खोट्या आहेत की चाळीस, याची खात्री कोण देणार? पुस्तकं गठ्ठ्यानं परत येतील. त्यानं कागद ओढला आणि लिहून वाचून दाखवलं. पहिल्या आवृत्तीत आकडेमोडीच्या साहाय्यकाकडून चार ठिकाणी चुका झाल्या होत्या, त्या या आवृत्तीत सुधारल्या आहेत. दादानं मान हलवली. त्यानं सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला.

खरं सांगायचं तर बाबांच्या अब्रूची त्या घटकेला मला काडीची फिकीर नव्हती. वर्तमानपत्रात छापून आणावं असं वाटत होतं. पण प्रकाशक म्हणत होता ते खरं होतं. त्या चार मुद्दाम केलेल्या निघाल्या, तर उरलेल्या नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे शहाण्णवांवर कोण विश्वास ठेवील? त्या माझ्या होत्या. त्यांत माझी एकोणीस वर्षं आणि वर सात महिने होते, आणि त्या बरोबर होत्या, हे मला आत्ता कुठे, त्या खोलीत, पहिल्यांदा नक्की कळलं होतं.

मी म्हटलं, "साहाय्यक नको. माझं नाव घाला."

प्रकाशकाला वाटलं मी थट्टा करतेय. दादा खुर्चीतून अर्धा उठला. वेडी आहेस का, म्हणाला, मुखपृष्ठावर नाही मिळालं म्हणून चुकांच्या यादीत नाव घालून घेतेस? लोक हसतील. जन्मभर तेवढंच राहील तुझ्या नावावर.

"दादा, आकडेमोड ज्यानं केली त्याच्याच हातून आकडेमोडीत चूक होते," मी म्हटलं. "तुझ्या हातून झाली असं कुणी छापेल का?"

त्यावर तो खाली बसला. प्रकाशकानं 'साहाय्यकाकडून' खोडून तिथे 'आकडेमोड करणाऱ्या' असं लिहिलं आणि पुढे माझं नाव. मला संमती द्यावी लागली. मी लिहिलं, पहिल्या आवृत्तीतली सर्व आकडेमोड मी केली असून त्यातल्या चार चुका माझ्या आहेत. त्यानं पेन्सिलीनं पहिला अर्धा भाग कंसात टाकला. एवढं नको, म्हणाला, जागा कमी आहे. मी म्हटलं, बरं, काढा. दहा लाखांतून चार वजा केले की काय उरतं, ते ज्याला येतं त्याला येईल.

आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर बाबा आणि दादा आहेत. माझं नाव चौथ्या पानावर तळाशी आहे, बारीक टाइपात, चार संख्यांच्या खाली. दादानं घरी प्रत आणून दिली आणि चहा न घेता गेला. वर्ष झालं. ती वजाबाकी अजून कुणी केलेली नाही.

मागच्या आठवड्यात प्रकाशकानं मला एक पत्र पुढे पाठवलं, वाचकाचं. कुणी निवृत्त गणित शिक्षक आहेत. नव्या आवृत्तीबद्दल त्यांनी दादाचं मनापासून अभिनंदन केलं आहे, आणि शेवटी सुचवलं आहे की इतक्या निष्काळजी बाईंना यापुढे अशा जबाबदारीच्या कामावर घेऊ नये. बाईंचं नाव त्यांनी पूर्ण लिहिलं आहे, वडिलांच्या नावासकट.